पुरावा मागणारे महाले सर

महाले सरांच्या नावाआधी 'कैलासवासी' लावायचं नाही, अशी त्यांची जिवंतपणीच सक्त ताकीद होती. "कैलासवासी हा पत्ता झाला, बाई," ते मला म्हणायचे, "आणि पडताळून पाहिल्याशिवाय कुणाचा पत्ता लिहू नये." 'स्वर्गीय' या शब्दालाही त्यांची हीच हरकत होती. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हे शब्द माझ्या खात्यातले. 'कालवश' चालेल का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "काळाच्या वश तर आपण आत्ताही आहोत. त्यातून नवीन माहिती काय मिळाली?"

गेल्या पावसाळ्यात ते गेले, तेव्हा शाळेच्या फळ्यावर त्यांच्या नावाआधी काय लिहायचं यावर शिक्षकांच्या खोलीत बराच खल झाला म्हणे. शेवटी नुसतं 'महाले सर' असं लिहिलं, पुढे पूर्णविराम दिला आणि शाळा सुटली.

ते आमच्या खोडाळ्याच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. जन्म मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा, घरी भात आणि नागलीची शेती. बुटके, रुंद खांद्यांचे. शर्टाच्या खिशात पेन आणि त्याच्या शेजारी थर्मामीटर. मी त्यांच्या शेजारच्या खोल्यांत भाड्याने राहायचे. मधली भिंत एकेरी विटेची होती, त्यामुळे त्यांच्या संसाराचा अर्धाअधिक भाग मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलेला आहे.

"आमटीत मीठ घातलंय," सुमनवहिनी सांगायच्या.

"पुरावा?"

"चाखा."

वहिनी अतिशय देवभोळ्या. देव्हारा, उपास, संध्याकाळची उदबत्ती, सगळं यथासांग. सरांनी देवाला कधी विरोध केला नाही, फक्त उदबत्ती लावली की ते उठून खिडकी उघडायचे. एका एकादशीला त्यांनी वहिनींचं सकाळी वजन केलं, दिवसभराच्या साबुदाण्यानंतर संध्याकाळी पुन्हा केलं आणि वजन वाढल्याचं निदर्शनाला आणून दिलं. त्यानंतर बरेच दिवस भिंतीपलीकडून फक्त भांड्यांचे आवाज येत होते.

कुणी म्हणालं, "देवाच्या कृपेने बाळ गुटगुटीत आहे," की सर मान डोलावून पुढे जोडायचे, "आणि वेळेवर टोचलेल्या लसींच्या." आवाज मात्र कधी चढायचा नाही. 'पुरावा?' हा शब्दसुद्धा ते असा विचारायचे, की चहात साखर किती घालू, असं विचारताहेत.

त्यांच्या अंगणात पाऊस मोजायची बाटली होती. प्लास्टिकची बाटली वरून कापून, तिच्यावर रेघा मारून त्यांनी ती एका दगडी ओट्यावर बसवली होती. रोज सकाळी अंघोळ झाली की ओल्या केसांनीच ते बाटलीपुढे जायचे, एक डोळा मिटून पाणी बघायचे आणि पुटपुटत आकडा पाठ करत घरात यायचे. रस्त्याने जाणारी येणारी माणसं हे बघत होती. लावणीच्या दिवसांत एकदा सकाळी बाटलीला हळदकुंकू लावलेलं आढळलं. मग फुलं येऊ लागली. मग नारळ. त्या वर्षी पाऊस नेमका हवा तेव्हा आणि हवा तेवढा पडला, त्यामुळे गुरुजींचा देव कडक आहे अशी बातमी सूर्यमाळपर्यंत गेली.

सरांनी एका बाजारच्या दिवशी माणसं अंगणात गोळा केली आणि बाटलीचं काम समजावून सांगितलं. ढग कसे बनतात, पाणी कसं मोजतात, बाटलीमुळे पाऊस पडत नाही, पावसामुळे बाटली भरते. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी एक म्हातारबाबा उठले आणि हात जोडून म्हणाले, "समदं समजलं, गुरुजी. आता नवस कुठल्या वारी बोलायचा, तेवढं सांगा."

सरांनी बाटली शाळेच्या गच्चीवर हलवली. देव उंचावर गेला, असं लोक म्हणाले.

शाळेत शनिवारी शेवटचा तास ते प्रश्नांसाठी ठेवायचे. कुणीही काहीही विचारावं. "विज्ञानाकडे सगळ्याचं उत्तर आहे," ते मुलांना सांगायचे. "आज नसेल तर उद्या असेल." मासा झोपतो का, बोकडाला दाढी का असते, असल्या प्रश्नांवर तास मजेत जायचा. पण आमची मुलं डोंगरातली, जन्म आणि मरण दोन्ही घरातच बघितलेली. त्यांचे प्रश्न हळूहळू खोल जाऊ लागले. एकाने विचारलं, "सर, माणूस मेला की आत काय बंद पडतं?"

सरांनी हृदय काढून दाखवलं, मेंदू काढला, रक्ताचे बाण काढले. फळा भरून गेला.

"बंद काय पडलं ते कळलं," मुलगा म्हणाला. "पण पहिल्यांदा चालू कोणी केलं?"

सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले. "पुढच्या शनिवारी सांगतो."

पुढच्या शनिवारी पेशी आली, त्याच्या पुढच्या शनिवारी समुद्रातलं पहिलं जीवन आलं, पण मुलाचा प्रश्न त्याच्याही मागे जाऊन उभा राहायचा. शाळेत 'पुढच्या शनिवारी' हा शब्दप्रयोगच रूढ होऊन गेला. पाण्याची टाकी कधी दुरुस्त होणार, असं विचारलं की शिपाई तेच सांगायचा. मुख्याध्यापकांनी एकदा वेतनवाढीबद्दल तेच सांगितलं.

सरांचा खरा प्रतिपक्ष मात्र शाळेबाहेर होता. नवसू भगत. जवळच्या पाड्यावरचा, उंच, काटकुळा, कानात बाळी, गळ्यात दोरीला बांधलेला मोबाइल. आजूबाजूच्या पाड्यांवर कुणाला बाधा झाली, बाळ रडायचं थांबेना, गाय दूध देईना, की नवसूला बोलावणं जायचं. बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर दोघांची गाठ पडायची आणि आम्ही बाकीचे आपापले ग्लास घेऊन जवळ सरकायचो. गंमत अशी की नवसू वाद घालायचाच नाही.

"भूत नसतं, भगत," सर म्हणायचे.

"नसंल."

"मग तुम्ही उतरवता काय?"

"भ्या उतरवतो," नवसू चहा फुंकत म्हणायचा. "भ्या तर असतंय ना, गुरुजी?"

सर यावर घरी येऊन विचार करायचे. भिंतीपलीकडून येरझाऱ्यांचा आवाज यायचा.

असंच चाललं असताना एका हिवाळ्यात सकाळी, मी भाजी चिरत होते, तेव्हा पलीकडून सरांचा नेहमीचा सपक आवाज आला. "बाई, जरा येता का? घोणस चावली आहे. ओळख पक्की आहे, पाठीवर साखळी होती."

मागच्या अंगणात लाकडाच्या ढिगाऱ्यातून जळण काढताना हाताला चावली होती. ते एका फळीवर बसले होते, हात खाली सोडून, हलवायचा नाही म्हणून. वहिनींनी आधी एक किंकाळी फोडली आणि मग एका माणसाला नवसूकडे पिटाळलं. आम्ही सरांना गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथे पहिलं इंजेक्शन मिळालं, पण पुढच्या उपचारांसाठी लगेच जव्हारला न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. शेजाऱ्याची जीप आली. सरांना मागच्या बाकावर बसवलं, तेवढ्यात नवसू धापा टाकत पोचला आणि वहिनी जीपच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"भगत बसल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"सुमन, यात वेळ जातोय."

"मग हो म्हणा, वेळ वाचेल."

हा युक्तिवाद सरांना बिनतोड वाटला असावा. त्यांनी नवसूकडे बघितलं. "मंत्र म्हणायचा तर म्हणा. पण जखमेला हात लावायचा नाही, कापायचं नाही, झाडपाला नाही."

"नुसता तोंडानं म्हणतो," नवसू म्हणाला आणि त्यांच्या शेजारी बसला.

ती जीप मी कधी विसरणार नाही. पुढे ड्रायव्हर आणि डोळे मिटून बसलेल्या वहिनी. मागे एका बाजूला नवसूची पुटपुट, दुसऱ्या बाजूला सरांचं चालू वर्तमान. "सूज मनगटाच्या वर आली. वेदना वाढली आहे. हिरड्यांतून रक्त अजून नाही. बाई, लक्षात ठेवा, डॉक्टरांना सांगायचंय." मी मान डोलावत होते. नवसूचं चालूच होतं. मोखाडा मागे पडल्यावर सर म्हणाले, "भगत, मघापासून तीच ओळ येतेय."

"रस्ता लांब हाय, गुरुजी. मंतर लहान हाय."

पुढे घाटाची वळणं लागली आणि सरांचं बोलणं थांबलं. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला. हिरड्यांवर लालसर रेघ दिसत होती, पण त्यांनी ती सांगितली नाही. डोळे मिटले. त्यांना झोप लागली असं वाटून नवसू थांबला. जीपमध्ये नुसता इंजिनाचा आवाज राहिला.

"थांबू नका," सर म्हणाले.

डोळे मिटलेलेच होते. चांगला हात त्यांनी बाजूला सरकवला आणि नवसूचं मनगट धरलं. नवसू पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण त्या दोघांकडे बघणं बरं नव्हतं.

सर वाचले. बरेच दिवस दवाखान्यात राहून, फिकट आणि बारीक होऊन परत आले, आणि आल्या आल्या कोणी वाचवलं यावर टपरीवर चर्चा सुरू झाली. सर म्हणाले, इंजेक्शनने. नवसू म्हणाला, "असंल." गावाची मतं अर्धी अर्धी झाली. पण 'थांबू नका'चं काय, हा प्रश्न सरांना आतून खात असावा. कारण एका संध्याकाळी ते आपण होऊन माझ्या दारात आले.

"बाई, त्या दिवशीचं मी तपासून बघितलं. एका लयीतला आवाज कानावर पडत राहिला की माणसाची भीती कमी होते, नाडी शांत राहते. त्यात मंत्राचा काही संबंध नाही. कुठलाही आवाज चालला असता."

भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला. "मग पाढे म्हणायला सांगायचे होते."

सर घरी गेले.

एवढं सगळं हसण्यावारी नेता आलं. पण त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडावर सातवीतली एक मुलगी गेली. सुनी नाव. सूर्यमाळच्या वाटेवरच्या पाड्यावरची, मागच्या बाकावर बसणारी. शनिवारच्या तासाला तिने कधी एकही प्रश्न विचारला नव्हता. ताप मेंदूत गेला. घरच्यांनी वेळेवर दवाखान्यात नेली होती, डॉक्टरांनी जे होतं ते सगळं केलं होतं, तरी गेली.

सर आणि मी तिच्या घरी गेलो. नवसू आधीच तिथे होता, ओटीवर भिंतीला टेकून बसलेला. सुनीची आई काशी चुलीजवळ बसली होती. डोळे कोरडे. शेजारच्या बायका म्हणाल्या, दवाखान्यातून आल्यापासून ती रडली नाही आणि जेवली नाही.

सरांना बघून तिने पदर सारखा केला. "गुरुजी, तुमी लई शिकलेले. माझी पोर गेली कुठं?"

सर खाली जमिनीवर बसले. ताप कसा येतो, मेंदूला सूज कशी येते, हे त्यांनी तिला अगदी सोप्या शब्दांत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कशानं गेली ते डाक्टरनं सांगितलं," ती म्हणाली. "गेली कुठं, ते इचारते."

मला वाटलं, आता सर काहीतरी सांगतील. शरीर मातीत मिसळतं, मातीतून झाड येतं, असं त्यांनी वर्गात सांगितलेलं मी ऐकलं होतं. ते त्यांच्या ओठांवर आलेलंही मला दिसलं. पण त्यांनी ते सांगितलं नाही. चष्मा काढला, हातात धरून ठेवला.

"मला ठाऊक नाही, काशी," ते म्हणाले.

काशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडू लागली, आधी आवाज न करता आणि मग मोठ्याने. सर तिथेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने नवसू उठला, तिच्याजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात सांगू लागला, की पोर आजाआजीकडे पोचली आहे, तिथे नागली कधी संपत नाही, पाणी दाराशी आहे, हंडा घेऊन चढण चढावी लागत नाही. काशीने नाक पुसलं. कुणीतरी ताटलीत भात आणून ठेवला. तिने दोन घास खाल्ले.

परत येताना आम्ही तिघं पायवाटेने चालत होतो. सरांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "भगत, तुम्ही जे सांगितलंत, ते तुम्हाला खरंच माहीत आहे?"

मला त्यांच्या नेहमीच्या शब्दाची भीती वाटत होती, पण तो आला नाही.

नवसू पुढे चालत होता. "बापानं सांगितलं मला. त्याला त्याच्या बापानं." थोडं चालून तो थांबला, विडी पेटवली. "मला पण ठाव नाय, गुरुजी. पण मी तसं बोललो असतो तर तिनं खाल्लं नसतं."

"आणि मी तुमच्यासारखं काही बोललो असतो तर?"

"तर रडली नसती." नवसूने धूर सोडला. "रडली नसती तर घास गिळला नसता. तुमचं आधी लागलं, माझं मागनं."

सरांना हे पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. घरी पोचेपर्यंत ते फक्त एकदा बोलले. "तिला जेवायला लावणं मला जमायला हवं होतं, बाई."

त्या शनिवारी मुलांनी पुन्हा काहीतरी विचारलं, आणि सरांनी सरळ सांगितलं, "ठाऊक नाही." मुलं एकमेकांकडे बघू लागली. पुढच्या बाकावरच्या एकीने वहीत ते उत्तर म्हणून लिहून घेतलं. मुख्याध्यापकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. त्यांनी सरांना बोलावून घेतलं.

"शिक्षकानं वर्गात 'ठाऊक नाही' म्हणणं बरोबर दिसत नाही, महाले. पालक काय म्हणतील?"

"मग काय म्हणू?"

मुख्याध्यापकांनी विचार केला. "अभ्यासक्रमात नाही, असं म्हणा."

सर काशीकडे अधूनमधून जात राहिले. त्या पाड्यावर उन्हाळ्यात पाण्याचे हाल असतात. सरांनी कुठून तरी माणसं जमवली, झऱ्याखाली दगडांचा बांध घातला, खाली एक टाकं बांधलं. बांध नेमका कुठे घालायचा हे त्यांनी उतार मोजून ठरवलं. नवसूने तिथे नारळ फोडला. सरांनी नारळाचा तुकडा घेतला आणि खाल्ला. वहिनींना हे कळलं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम भिंतीजवळ बोलावून ते सांगितलं.

निवृत्त झाल्यावर सरांनी एक दुर्बीण घेतली. ती घेऊन ते पाड्यापाड्यांवर जायचे आणि लोकांना आकाश दाखवायचे. दुर्बिणीचं तीन पायांचं तिकाटणं नवसूच्या खांद्यावर. कारण सरांचा तो हात घोणशीनंतर पूर्वीसारखा राहिला नव्हता. सर तारे, ग्रह समजावून सांगायचे आणि सरांचं झालं की नवसू त्याच ताऱ्यांचे देव सांगायचा. लोक दोन्ही ऐकायचे.

माझी बदली जव्हारला झाली होती. एका संध्याकाळी कामासाठी सूर्यमाळला गेले होते, तर वाटेतल्या एका पाड्यावर हे दोघं दिसले. नुकतं मावळलं होतं, डोंगराच्या कडेला अजून उजेड होता. बायका हंडे उतरवून रांगेत उभ्या होत्या. सर शनी दाखवत होते. मीही बघितला. काळवंडत चाललेल्या आकाशात बोटाच्या नखाएवढा, भोवती कडं असलेला, कुणी कातरून चिकटवावा तसा.

माझ्यानंतर एक म्हातारी होती. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून नवसूने तिकाटणं खाली घेतलं. तिने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"कोन राहतं तिथं?" तिने विचारलं.

"कोणी नाही, आजी."

"कोनीच नाय?"

"कोणीच नाही. उभं राहायला जमीनसुद्धा नाही. सगळा नुसता वायू."

म्हातारीने पुन्हा एकदा बघून घेतलं. "मग एवढं चांगलं बनवलं कोनासाठी?"

सरांनी तोंड उघडलं. मला त्यांचे सगळे चेहरे पाठ होते, पण हा मी आधी बघितला नव्हता. ते तिच्याकडे बघत राहिले, नवसूकडे बघितलं. नवसूनेही खांदे उडवले. मग सरांनी म्हातारीला हाताला धरून हळूच बाजूला केलं आणि स्वतःच दुर्बिणीला डोळा लावला.

माझी जीप हॉर्न वाजवत होती, म्हणून मी निघाले. मागे रांगेतल्या बायका कुरकुरू लागल्या होत्या. "गुरुजी, तुमी रोजच बघता, आमाला बघू द्या," असं कुणीतरी म्हणालं. वळणावरून मी मागे बघितलं. नवसू तिकाटणं धरून उभा होता आणि सर अजून बघतच होते.